हौसेच्या हाती तिरकमठा

भारतात धनुष्यबाणाच्या शिकारीला परवाना मिळावा, असा आग्रह धरणारी काही माणसे मला बंगळुरूत भेटतात. सुशिक्षित आहेत, अमेरिकेत राहून आली आहेत, तिथे पारंपरिक लाकडी धनुष्याने हरीण मारायला शिकली आहेत. त्यांचे म्हणणे असे : बंदुकीची शिकार म्हणजे कत्तल. धनुष्याची शिकार मात्र प्रामाणिक, कारण जनावराच्या पंधरा-वीस पावलांवर जावे लागते, वारा ओळखावा लागतो, आणि जनावराला निसटायची पुरती संधी असते. शिकार माणसाच्या रक्तातच आहे. आपल्याकडे तर एकलव्यापासून भिल्ल-वारल्यांपर्यंत धनुष्याची परंपरा आहे. कनकपुऱ्यापासून विदर्भापर्यंत रानडुकरांनी शेतकऱ्याला जेरीस आणले आहे. तेव्हा परवाने द्या, शुल्क घ्या, तो पैसा जंगलावर खर्च करा. परंपरा टिकेल, शेतही वाचेल.

ऐकायला हे सयुक्तिक वाटते, म्हणून त्याचा प्रतिवाद सविस्तर करायला हवा. मला हे म्हणणे चुकीचे वाटतेच, शिवाय अन्यायाचेही वाटते. शिकार न्याय्य की अन्याय्य हे हातातल्या हत्यारावरून ठरत नाही. ती कशासाठी केली, यावरून ठरते.

शिकारीची कारणे तशी फार नाहीत. घरात कालवणाला काही नाही म्हणून माणूस सशाला फास लावतो. उभी नाचणी एका रात्रीत नांगरल्यासारखी उलथली म्हणून रानडुकरामागे कुत्री सोडतो. वर्षातून एकदा देवाला मान द्यायचा म्हणून गाव मिळून हाका घालते. व्यापाऱ्याने कातड्याचे पैसे आगाऊ हातावर ठेवले म्हणून कोणी वाघाच्या वाटेवर लोखंडी सापळा पुरतो. आणि कोणी पोट भरलेले असताना, पीकपाण्याशी काही संबंध नसताना, मारण्यातला थरार हवा म्हणून मारतो. या पाचही जणांनी एकच कृती केली असे मानणे हा विचाराचा आळस आहे. परवाना मागणारे मित्र त्याच आळसावर उभे आहेत. पाचव्या कारणासाठी ते पहिल्या तिघांची साक्ष काढतात.

आपला कायदाही कारण विचारत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘हत्यार’ या शब्दाची व्याख्या वाचावी. बंदुका, स्फोटके आणि विष यांच्याच ओळीत धनुष्यबाण, जाळी, फासे, सुरी आणि गळ बसवले आहेत. मुळात या कायद्याने शिकार सरसकट बंद केली नव्हती. मोठ्या शिकारीचा परवाना होता, छोट्या शिकारीचा होता, कागदावर सापळ्याचाही होता. म्हणजे मित्र आज जी परवाना पद्धत मागतात, ती या देशाने करून पाहिली आहे. तिचा लाभ कोणाला झाला? ज्याच्याकडे बंदूक, जीप आणि साहेबाशी ओळख होती, त्याला. पाल ठोकून राहणारा पारधी तालुक्याच्या कचेरीत अर्ज घेऊन उभा राहील, ही अपेक्षा कोणीच केली नसावी. १९९१ च्या दुरुस्तीने परवाने गेले आणि शिकार जवळपास पूर्ण बंद झाली. हौशी शिकारीवरची ती बंदी योग्य होती, आजही योग्य आहे. माझी तक्रार एवढीच, की त्याच बंदीत पोटासाठी फास लावणाराही भरडला गेला, आणि त्याचा विचार करायला पुन्हा कोणी बसले नाही.

जंगल कोणी रिकामे केले, याचा हिशेब अंधारात नाही. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत भारतात ऐंशी हजारांहून अधिक वाघ मारले गेले. १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज नेपाळच्या तराईत गेले आणि दहा दिवसांत त्यांच्या शिकारीत ३९ वाघ पडले. सरगुज्याच्या महाराजांच्या नावावर हजारापेक्षा जास्त वाघ सांगितले जातात. म्हैसूरला व्हॅन इंजेन यांचा कारखाना होता. देशभरातून आलेल्या हजारो वाघ-बिबट्यांची मुंडकी आणि कातडी तिथे पेंढा भरून दिवाणखान्यांत टांगण्याजोगी केली गेली. तो १९९९ मध्ये बंद झाला. यातले कोणतेही जनावर कुणाच्या चुलीवर शिजण्यासाठी पडले नव्हते, आणि मारणाऱ्याला कुणी कधी गुन्हेगार म्हटले नाही.

गुन्हेगार कोणाला म्हटले, तर पारध्याला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरल्या. सोलापूरला काटेरी तारांच्या आत त्यांची वसाहत झाली. १९५२ मध्ये कागदावरचा शिक्का पुसला, पण पोलीस चौकीतला पुसला नाही. हलगलीच्या बेरडांची हकीकत तर आपल्या सीमेवरचीच आहे. हलगली हे घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानातले गाव. १८५७ मध्ये इंग्रजांनी हत्यारे जमा करण्याचा हुकूम काढला. शिकारीवर आणि राखणीवर जगणाऱ्या बेरडांनी हत्यारे द्यायला नकार दिला. फौज आली, गाव जाळले, आणि धरलेल्यांपैकी अनेकांना फाशी दिले. शस्त्र हे त्यांचे जगण्याचे साधन होते, म्हणून ते त्यांनी सोडले नाही. ‘शिकार रक्तात आहे’ असे आज म्हणणाऱ्याने ते रक्त तेव्हा कोणाचे सांडले, हेही सांगावे.

बंगळुरूच्या माणसाला एवढ्या लांबही जायला नको. बन्नेरघट्ट्याजवळ हक्कीपिक्कींची वसाहत आहे. पाखरे धरणारी ही भटकी जमात. घरात त्यांची वागरी बोली चालते. ती गुजरातीच्या जवळची आहे, आपल्याकडच्या पारध्यांच्या बोलीशी तिचे नाते आहे. जाळे टाकणे, पाखराचा आवाज काढून त्याला जवळ बोलावणे, लावा-तित्तिर धरणे आणि बाजारात विकणे हे त्यांचे पिढीजात काम. कायद्याने ते एका फटक्यात गुन्हा झाले. मग हे लोक जडीबुटी आणि केसांचे तेल विकू लागले. हुणसूर तालुक्यातल्या पक्षिराजपुरातून माणसे तेलाच्या बाटल्या घेऊन आफ्रिकेपर्यंत पोचली. २०२३ च्या एप्रिलमध्ये सुदानात युद्ध पेटले, तेव्हा तिथे अडकलेल्या भारतीयांत कर्नाटकातले हक्कीपिक्की होते, आणि ‘ऑपरेशन कावेरी’त त्यांना परत आणावे लागले. आपल्याच रानात जाळे टाकायला बंदी झालेला माणूस पोटासाठी परक्या देशाच्या युद्धात सापडला. धनुष्याच्या परंपरेबद्दल बोलणाऱ्या माझ्या मित्रांच्या तोंडून या वसाहतीचे नाव मी कधी ऐकलेले नाही. ती त्यांच्या घरापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे.

परंपरा हा शब्द ते वापरतात तेव्हा मला माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांचे काम आठवते. गाडगीळ पुण्याचे, पण त्यांचे बरेचसे संशोधन बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत झाले. या दोघांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास केला, आणि त्यात एक विलक्षण व्यवस्था दिसली. नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे जात. वैदू मुंगूस, उदमांजर आणि पाण्यातली कासवे-खेकडे धरत. फासेपारधी फास लावून काळवीट, मोर, लावा धरत. तिघे एकाच मुलखात फिरत, पण एकमेकांच्या वाट्याला जात नसत. शिवाय फासेपारध्यांत गाभण मादी किंवा पाडस फासात आले तर सोडून देण्याची चाल होती. परंपरा म्हणजे ही सगळी वागण्याची रीत : काय धरायचे, काय सोडायचे, कोणत्या मुलखात कोणी जायचे, आणि मांस कोणाकोणात वाटायचे. अनेक आदिवासी गावांत पहिला बाण ज्याचा, त्याचा वाटा ठरलेला असतो, आणि जो म्हातारा रानात जाऊ शकत नाही त्याच्या घरीही मांस पोचते. लाकडी धनुष्य दुकानातून विकत मिळते. ही रीत विकत मिळत नाही. ती लेकरांना शिकवणारे लोक आपण रानाबाहेर काढले आहेत.

गाडगीळांनी वन्यजीव कायद्यावर जाहीर आणि कडक टीका केली आहे, म्हणून मित्र त्यांचाही आधार घेतात. पण त्यांच्या मांडणीत शेतकरी आणि ग्रामसभा केंद्रस्थानी आहेत. ज्याच्या शेतात डुक्कर शिरते, त्याने ठरवावे, त्याने मारावे, त्याने खावे. शनिवारी शहरातून गाडी घेऊन निघणाऱ्या हौशी तिरंदाजासाठी त्या मांडणीत जागा कुठून येते, ते मला दिसत नाही.

या हौशी तिरंदाजीचा उगम मित्रांनी एकदा शांतपणे वाचावा. तो अमेरिकेत आहे, आणि तो एका माणसाच्या मरणाशी जोडलेला आहे. कॅलिफोर्नियात याही नावाची एक लहान जमात होती. सोन्याच्या मागे आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिची माणसे शोधून शोधून मारली. १९११ च्या ऑगस्टमध्ये ओरोव्हिल गावच्या कत्तलखान्याजवळ एक उपाशी, एकटा माणूस सापडला. तो याहींतला शेवटचा. त्याने आपले नाव सांगितले नाही. लोकांनी त्याला ‘इशी’ म्हटले, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात ठेवले. तिथे विद्यापीठाच्या रुग्णालयातले डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य करायला, बाण तासायला, हरणाजवळ सरकायला शिकले. १९१६ मध्ये इशी क्षयाने गेला. मेल्यावर त्याचा मेंदू काढून स्मिथसोनियन संस्थेत ठेवला गेला, आणि २००० साली त्याच्या नात्यातल्या जमातींकडे परत आला. पोप यांनी १९२३ मध्ये धनुष्याच्या शिकारीवर पुस्तक लिहिले, ते या छंदाचा मूळ ग्रंथ मानले जाते. त्यांचे आणि त्यांचे सोबती आर्थर यंग यांचे नाव घेऊन १९६१ मध्ये क्लब निघाला, आणि बाणाने मारलेल्या जनावरांच्या शिंगांची मापे त्याच्या नोंदवहीत चढू लागली. इशी शिकार करायचा तेव्हा त्यामागे भूक होती आणि उरलेली चार माणसे होती. क्लबाच्या वहीत शिंगाची लांबी आहे. धनुष्य तेच राहिले, कारण मात्र बदलले, आणि ज्याचे ते धनुष्य होते तो माणूस उरला नाही. हेच आपल्याकडे घडावे, असे मला वाटत नाही.

आता बाणाच्या न्याय्यतेबद्दल. गोळी धक्क्याने पाडते, बाण रक्तस्रावाने मारतो. नेम छातीत बसला तरी जनावर धावत सुटते. म्हणून जाणता शिकारी बाण सोडल्यावर बराच वेळ जागचा हलत नाही, आणि मग पानावरच्या, दगडावरच्या थेंबांवरून माग काढत जातो. कधी हा माग मैलभर जातो. सोबत कुत्री लागतात, रान पायाखालचे लागते, सोबती लागतात. मैदानात ठोकळ्यावर नेम धरून शिकलेल्या माणसाच्या बाणाने पोटात जखमी झालेले रानडुक्कर कुठे जाईल? कनकपुऱ्याच्या बाजूला रान आणि शेत यांच्यात धड बांधही नसतो. ते डुक्कर पहाटे भांगलायला आलेल्या बाईच्या अंगावर जाईल. जनावराला निसटायची संधी देणे हे मित्रांना औदार्य वाटते, पण जखमी होऊन निसटलेल्या जनावराच्या यातना आणि त्याच्यासमोर येणाऱ्या माणसाचा धोका, दोन्हींची किंमत दुसरेच कोणी मोजणार. पिकासाठी डुक्कर मारणाऱ्या शेतकऱ्याला संधीबिंधी द्यायची नसते. त्याला ते लवकर आणि नक्की मरायला हवे असते, आणि या बाबतीत त्याचाच विचार जास्त दयेचा आहे.

मित्र अमेरिकेतल्या पैशाचा दाखला देतात, तो खरा आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने तिथे बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखला गेला, पुढे त्यात धनुष्यबाणही आले, आणि तो पैसा आजही त्यांच्यावर खर्च होतो. पण आपले संरक्षित क्षेत्र देशाच्या जेमतेम पाच टक्के आहे, आणि त्याच्या भोवती आणि आतसुद्धा गावे आहेत. जंगलावर पैसा देऊन हक्क विकत घेता येतो, हे एकदा मान्य केले, की तिथे राहणाऱ्या बिनपैशाच्या माणसाचा हक्क आपोआप शेवटचा होतो. नागरहोळे हे एकेकाळी म्हैसूरच्या राजांचे शिकारीचे रान. शेजारच्या काकनकोट्याला १९७१ पर्यंत पाहुण्यांसाठी खेड्डा, म्हणजे रानहत्ती कोंडून धरण्याचा सोहळा, भरायचा, आणि हत्ती वळवायला कुरुब जमातीची माणसे पुढे असत. पाहुणे गेले, राष्ट्रीय उद्यान आले, आणि जेनू कुरुबांना रानाबाहेर काढायला सुरुवात झाली.

हौशी शिकाऱ्याला आज सगळे दरवाजे बंद आहेत, असेही नाही. केंद्राने बिहारमधल्या नीलगायींना उपद्रवी जाहीर केल्यावर २०१६ मध्ये मोकाम्याला हैदराबादचे बंदूकवाले नेमबाज बोलावले आणि दोनशेहून अधिक नीलगायी पाडल्या. २०१८ च्या २ नोव्हेंबरच्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका असलेली टी-१ वाघीण मारली, तीही बाहेरून आणलेल्या खासगी नेमबाजाच्या गोळीने. वाघीण मारायला हवी होती की नाही, हा वाद इथे नको. मला दिसते ते एवढेच, की राज्याला शिकाऱ्याची गरज पडली तेव्हा त्याने बंदूकवाल्या प्रतिष्ठितालाच हाक मारली. केरळने २०२२ पासून पंचायत प्रमुखांना पीक नासणारी रानडुकरे मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार दिला आहे. मारायचे परवान्याच्या बंदुकीने, आणि मांस खायचे नाही, मेलेले जनावर पुरायचे. म्हणजे खाण्यासाठी मारणे हा गुन्हा, आणि पुरण्यासाठी मारणे हा आदेश. ज्या एका कारणाला माणसाच्या इतिहासात सर्वांत जुने स्थान आहे, तेवढेच कायद्याने वगळले.

प्राणिप्रेमी स्नेह्यांचा आक्षेप मला माहीत आहे. ते म्हणतील, सरिस्कातले वाघ २००५ पर्यंत संपले, त्यात शिकारी जमातींतल्या माणसांचे हात नव्हते का? होते. पण त्या हातांना आगाऊ पैसे देणारा, कातडे सीमेपार नेणारा आणि नफा खाणारा व्यापारी दिल्लीत बसला होता. सापळा लावणाऱ्याला त्या नफ्यातले किरकोळ मिळाले. बाजारासाठीची शिकार कठोरपणे थांबवायलाच हवी, तिथे माझा त्यांच्याशी काडीचाही मतभेद नाही. कर्नाटकात शेताच्या कडेला लावलेल्या तारेच्या फासात बिबटे अडकून तडफडून मरतात. ती तारही जायला हवी. झारखंडातल्या दलम्याच्या सेंद्रासारख्या सामूहिक शिकारीत हजारो माणसे आधीच विरळ झालेल्या रानात उतरत असतील, तर रूढीच्या नावाखाली मी तिचे समर्थन करणार नाही. पण यातून ‘शिकार ती शिकार’ हा निष्कर्ष निघत नाही. उलट कारणे वेगळी करून पाहिली, तरच कोणावर कठोर व्हायचे ते कळते. आज घरच्या कालवणासाठी ससा धरलेला माणूस आणि कातड्याच्या साखळीतला दलाल एकाच कायद्याखाली उभे राहतात, आणि वकील फक्त दलालाला परवडतो.

कायद्याला कारण ओळखता येत नाही, असेही नाही. याच कायद्याच्या ६५ व्या कलमात निकोबारच्या अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क राखले आहेत. तिथे जे समजले, ते मुख्य भूमीवर समजून घ्यायचे नाकारले. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे सगळे परंपरागत हक्क मान्य केले, मध-बांबू-मासे-चराई सगळे, आणि शिकारीचा हक्क मात्र स्पष्ट शब्दांत वगळला. त्या ओळीवर पुन्हा चर्चा व्हायला हवी : कोणते सामान्य प्राणी, किती, कोणत्या ऋतूत, कोणत्या ग्रामसभेच्या देखरेखीखाली. हे अवघड आहे, पण दिवाणखान्यातल्या तिरंदाजाला परवाना देण्यापेक्षा हजारपट न्याय्य आहे.

शिकारीच्या ज्ञानाचे काय करता येते, याचे उदाहरण शेजारच्या तमिळनाडूत आहे. इरुळा लोक सापांच्या कातड्यावर जगत. कायदा आला, कातड्याचा धंदा बंद झाला, माणसे उपाशी पडली. १९७८ मध्ये रोम्युलस व्हिटाकर यांच्या पुढाकाराने चेन्नईजवळ त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. सरकारने त्यांना साप धरायची परवानगी दिली. धरलेल्या सापाचे विष काही आठवडे काढायचे आणि तो पुन्हा रानात सोडायचा. देशात सर्पदंशावर जे प्रतिविष बनते, त्याच्यासाठी लागणाऱ्या विषाचा मोठा भाग या माणसांनी पुरवला आहे. २०२३ मध्ये वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन या दोन इरुळा साप धरणाऱ्यांना पद्मश्री मिळाली. कौशल्य तेच, हात तेच. फक्त राज्याने त्यांना गुन्हेगार समजणे थांबवले. पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कामातही बिहारच्या मीरशिकार जमातीतल्या अली हुसेन यांचे जाळे होते. खुद्द सलीम अली यांची पक्ष्यांशी ओळख लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीपासून झाली. त्यांच्यातल्या शिकारी मुलाला अभ्यासक व्हायची वाट मिळाली. हक्कीपिक्कींच्या मुलांना ती कोणी दाखवली?

बंगळुरूच्या वेशीवर बिबटे येतात, बन्नेरघट्ट्याचे हत्ती नाचणीत उतरतात, दर हिवाळ्यात तळ्यांवर स्थलांतरित पक्षी येतात आणि त्यांच्यातले रोग तपासावे लागतात. या प्रत्येक कामाला माग काढणारी, जाळे टाकणारी, जनावर न दुखवता धरणारी माणसे लागतात. कर्नाटकाच्या वनखात्याने ती पक्षिराजपुरातून आणि बन्नेरघट्ट्याच्या वसाहतीतून कायम नोकरीवर, पूर्ण पगारावर घ्यावीत. रोजंदारीवर नव्हे. आणि धनुष्याच्या हौशी परवान्याचा प्रस्ताव कधी विधानसौधापर्यंत गेलाच, तर त्याच्या सुनावणीला मी विरोधात उभा राहीन, आणि माझी पहिली मागणी असेल, की आमच्याआधी या दोन वसाहतींतल्या माणसांना बोलू द्या.